विजापूर-बदामी-हंपी: आई-बाबांना घेऊन ६ दिवस, मुक्काम नेमका कुठे टाकावा?

कांदेपोहे (११ नोव्हेंबर)

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून गाडीने निघतोय, मी, नवरा, १० वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबा ७४, आई ६९. बाबांना ऐहोळे बघायचंय, गेली वीसेक वर्षं बघायचंय, पण दर वेळी काहीतरी आडवं आलं. आईची कुलदेवी बनशंकरी, लग्नानंतर एकदाच गेली होती, तेही एसटीने आणि रडत (तो किस्सा वेगळा). लेकीला पन्नासच्या नोटेवरचा रथ बघायचाय. नवऱ्याला काहीच बघायचं नाही, त्याला फक्त चांगली गादी आणि गरम पाणी पाहिजे.

आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. त्यामुळे रोज सामान बांधा-सोडा नको म्हणून मी असं ठरवतेय की पाचही रात्री होस्पेटला एकाच मोठ्या हॉटेलात राहायचं आणि रोज सकाळी निघून बदामी, पट्टदकल, ऐहोळे वगैरे बघून संध्याकाळी परत. विजापूर जाता जाता. हे जमेल का? कोणी असं केलंय का? होस्पेटला लिफ्ट असलेलं हॉटेल माहीत असेल तर सांगा.

शेवटची_लोकल

वाचतेय. आम्हालाही फेब्रुवारीत जायचंय.

सोलापुरी_चादर

ताई, नका करू असं. होस्पेट ते बदामी एका बाजूचे दीडशेच्या आसपास किलोमीटर आहेत. तीन-साडेतीन तास जायला, तेवढेच यायला, म्हणजे आईंचे गुडघे पायऱ्यांनी नाही तर गाडीत बसूनच धरतील. सामान बांधायचा त्रास अर्ध्या तासाचा असतो, हा रोजचा सात तासांचा होईल.

आमच्याकडून (म्हणजे सोलापूरकडून) जाणारी माणसं वर्षानुवर्षं एकच करतात. पहिली रात्र विजापूर, मग दोन बदामी, मग दोन हंपी. पुण्याहून सोलापूर अडीचशे, पुढे विजापूर शंभर, रस्ता झकास आहे. सकाळी लवकर निघालात तर दुपारी विजापुरात जेवाल. त्या दिवशी फक्त इब्राहिम रोजा आणि मुलुख-ए-मैदान तोफ बघा, गोल घुमट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. कारण दहा वाजले की शाळांच्या सहली येतात आणि वरच्या सज्जात दोनशे पोरं एकदम "ओऽऽऽ" करतात. तिथे टाचणी पडली तरी पलीकडे ऐकू येते म्हणतात, दोनशे पोरं पडली की काय होतं ते विचारू नका. मी कानात बोटं घालून खाली आलो होतो.

वर जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून आहे, अरुंद, उंच पायऱ्या, सात मजले. आईंना वर नेऊ नका. खाली उभं राहून वर बघितलं तरी चालतंय, मधे एक खांब नाही.

आणि ती तोफ आपलीच बरं का. अहमदनगरला ओतली १५४९ मध्ये, मग परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२ ला विजापूरला नेली. ५५ टन. ओढायला चारशे बैल नि दहा हत्ती लागले असं सांगतात. तुम्ही नवऱ्याला सांगा, तुला फक्त चार बॅगा उचलायच्यात.

अर्धवटराव

चारशे बैल आणि दहा हत्तींची पार्किंगची सोय असलेलं हॉटेल मलाही सुचवा.

गदगवाला

घरी मराठी, दाराबाहेर कन्नड अशा घरातला आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो. सोलापुरी_चादर यांना अनुमोदन. बदामीला दोन रात्री पाहिजेतच.

काही गोष्टी लक्षात ठेवा. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे. 'स्टेशनजवळ' असं लिहिलेलं हॉटेल बघून खूश होऊ नका, तुम्ही गाडीने येताय, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. गावातल्या मुख्य रस्त्यावर बसस्टँडच्या आजूबाजूला लॉज आहेत, तिथून लेणी जवळ. पण त्या रस्त्यावर पहाटेपासून हॉर्न. मागच्या बाजूची खोली मागा. पर्यटन महामंडळाचं मयूरा चालुक्य जरा बाजूला आहे, आवार मोठं, झाडं आहेत, वयस्कर माणसांना संध्याकाळी शतपावलीला बरं.

खोली बघताना तीन प्रश्न विचारा. तळमजला आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती ते किती? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'सहा ते आठ' असं येतं, आणि ते सहा ते आठ म्हणजे सहालाच असतं.

चौथी गोष्ट, माकडं. बदामीत माकडांचं राज्य चालुक्यांच्या आधीपासून आहे. खिडकीला जाळी नसेल तर खोली घेऊ नका. लेण्यांवर जाताना हातात पिशवी, केळी, पाण्याची बाटलीसुद्धा नको. सगळं गाडीत ठेवून जा.

कांदेपोहे

धन्यवाद! पण गदगवाला, तळमजला + कमोड + जाळी + मागची बाजू + पहाटे गरम पाणी असं सगळं एका खोलीत मिळालं असतं तर चालुक्य राज्य सोडून गेले नसते.

गदगवाला

:) पाचातले तीन मिळतात. कुठले तीन ते नशीब.

दगडधोंडे

तुमच्या बाबांशी माझं पटेल.

ऐहोळेला लोक दुर्ग मंदिर बघतात, त्याच्या गोल पाठीचा फोटो काढतात (दुर्ग म्हणजे दुर्गा नव्हे, किल्ल्यावरून नाव पडलंय), लाडखान मंदिर बघतात आणि निघतात. वर टेकडीवर मेगुती आहे, जैन मंदिर, पडीक दिसतं, तिथे कोणी फिरकत नाही. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा शिलालेख आहे. शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची सगळी कारकीर्द त्यात आहे, नर्मदेवर सम्राट हर्षाला अडवलं तेही, आणि कवी इतका खट्याळ की लिहितो, भीतीने हर्षाचा हर्ष गळून गेला. शेवटी स्वतःची तुलना कालिदास आणि भारवीशी करून मोकळा. कालिदास निदान ६३४ च्या आधीचा एवढं पक्कं सांगायला अभ्यासक आजही हा दगड पुढे करतात, रविकीर्तीच्या फुशारकीचा आपल्याला झालेला फायदा.

आणि त्यातच नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा पुलकेशी स्वामी झाला असं आहे. आपल्या प्रदेशाचं नाव कोरलेलं असं जुनं ठिकाण, आणि ते आज कर्नाटकात एका टेकडीवर उन्हात उभं आहे. बाबांना चढवा. पायऱ्या आहेत, फार नाहीत, सावकाश चढले तर होईल. आई खाली बसू देत.

मुक्कामाबद्दल: ऐहोळेत राहण्यासारखं फारसं नाही, बदामीतूनच करा. बदामी ते पट्टदकल २२ किमी, तिथून ऐहोळे आणखी १३-१४. सकाळी पट्टदकल, दुपारी ऐहोळे. संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्याप्रमाणे वार जुळवा.

रिकामटेकडा_४२

मी विरोधी मत नोंदवतो. एवढं काय आहे तिथे? आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, एका दिवसात हंपी, एका दिवसात बाकी सगळं. सगळीकडे दगडच आहेत हो. दुसऱ्या देवळानंतर पोरं विचारायला लागली की हे आधी बघितलं ना. होस्पेटला राहा, स्विमिंग पूलवालं हॉटेल घ्या, पोरगी खूश, आईबाबा एसीत. सहा दिवस दगड बघायला लावलेत तर लेक मोठी होऊन थेरपिस्टला सांगेल.

दगडधोंडे

एका दिवसात हंपी??

रिकामटेकडा_४२

हो. रथ, विरुपाक्ष, कमळ महाल, हत्तींचे गोठे. जेवण. परत.

दगडधोंडे

हत्तींचे 'गोठे' म्हणालात इथेच मी हात टेकले.

खाऊगल्ली

भांडू नका, जेवून घ्या. बनशंकरीच्या देवळापुढे बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडचं जेवण सोडू नका. ज्वारीची भाकरी (मऊ हवी की कडक ते सांगायचं), भरली वांगी म्हणजे तिकडची एण्णेगायी, शेंगदाण्याची चटणी, गुरेळ्याची चटणी, म्हणजे आपलं कारळं, आणि गाडग्यातलं दही. झाडाखाली बसून खायचं. मी ताजमधलं जेवण विसरलेय पण हे दही विसरले नाही. जास्त काही मागायला कन्नड यावं लागत नाही, त्या बायकांना मराठी कळतं कारण निम्मं गिऱ्हाईक आपल्याकडचं कुलाचाराला आलेलं असतं.

बदामी-ऐहोळेकडून होस्पेटला जाताना अमीनगड लागेल, तिथला करदंट घ्या. डिंक, सुकामेवा, गूळ. गोकाकचा नाव जास्त मिरवतो पण माझं मत अमीनगडला.

अर्धवटराव

ताजमधलं जेवण विसरलेय हे किती सहज टाकलंत.

इरकल

खाऊगल्ली, अमीनगडच्याच रस्त्याने पुढे हुनगुंद आणि मग इलकल! म्हणजे आपलं इरकल. होस्पेटच्या वाटेवरच आहे, वळसा पडत नाही. माझं सदस्यनाम काय उगाच आहे का. आजीची इरकली नेसताना मला कधी वाटलं नव्हतं की हे एका गावाचं नाव आहे. तिथे पदराचा ताणा वेगळा तयार करून मग साडीच्या ताण्याला एकेक फासा घालून जोडतात, टोपी-तेनी म्हणतात त्याला, त्यामुळे पदर लाल रेशमी आणि अंग सुती असं चालतं. हातमागाची मागा, नाहीतर पॉवरलूमची गळ्यात मारतात.

आणि बदामीहून गुळेदगुड्डला जाऊन या, जवळच आहे. खण! खरा खण तिथला. आपल्याकडे आता त्याचे कंदील, पर्सेस, नवऱ्यांचे कुर्ते काय काय निघालंय, पण मूळ चोळीचा खण विणणारे माग तिथे अजून खडखडतायत.

नवऱ्याची_बाजू

कांदेपोहे यांच्या नवऱ्यातर्फे निषेध. गादी आणि गरम पाणी एवढ्याच मागण्या असलेल्या माणसाला गुळेदगुड्डला नेऊन पार्किंग शोधायला लावणं हा अन्याय आहे.

टेक्सासतात्या

हंपीबद्दल. २०११ साली सुट्टीत आलो होतो तेव्हा आम्ही नदीच्या पलीकडे, विरुपापूर गड्डेला राहिलो होतो. पत्र्याच्या झोपड्या, झोपाळे, समोर भातशेतं, इस्रायली पोरं आणि त्यांना पोहे करून घालणारा एक आंध्रातला माणूस. स्वस्त होतं, सुंदर होतं. फक्त एक अडचण. नाव संध्याकाळी बंद होते. आम्ही मातंग टेकडीवर सूर्यास्त बघत बसलो आणि घाटावर आलो तर नाववाला नाव बांधून घरी. समोर नदीपलीकडे आमच्या झोपडीतला दिवा दिसतोय, बायको म्हणतेय पोहून जा. शेवटी रिक्षा करून केवढा तरी वळसा घालून रात्री पोचलो, रिक्षाचे पैसे झोपडीच्या भाड्यापेक्षा जास्त.

आता आई-बाबांना (माझ्या) घेऊन जायचा विचार आहे म्हणून धागा वाचतोय. ते पलीकडचं अजून आहे का?

गदगवाला

नाही तात्या, ते गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०२० च्या मार्चमध्ये विरुपापूर गड्डेवरची रिसॉर्ट्स पाडली. जागतिक वारशाच्या संरक्षित भागात येत होती ती. त्याआधी २०११ ला विरुपाक्षासमोरच्या हंपी बाजारातली घरं-दुकानं हटवली होती, तुम्ही त्याच वर्षी आला होतात म्हणजे कदाचित शेवटचं बघितलंत. पाचशे वर्षं जुन्या दगडी मंडपांत लोक संसार मांडून राहत होते, कोणी चहा विकत होतं, कोणी पुस्तकं. दगड वाचले हे खरंय, पण बाजारात आता बाजार नाही. माझ्या मावशीच्या ओळखीचं एक घर त्यात गेलं, त्यामुळे मला ह्या विषयावर नीट दोन्ही बाजूंनी बोलता येत नाही.

आता पलीकडे राहायचं तर सणापूर, आनेगुंदीकडे होमस्टे आहेत. आनेगुंदी मला स्वतःला हंपीपेक्षा आवडतं, अजून गाव आहे ते. पण पूल वापरून गाडीने फिरावं लागतं, आणि गुडघेवाल्या माणसांना उगाच रोजची ये-जा. तिथल्या अंजनाद्री टेकडीच्या पायऱ्या साडेपाचशेच्या वर आहेत, ते तर सोडाच.

कांदेपोहे, तुमच्यासाठी होस्पेट किंवा कमलापूर. कमलापुरात महामंडळाचं मयूरा भुवनेश्वरी आहे, भग्नावशेषांच्या अगदी जवळ. होस्पेटात लिफ्ट, हॉटेलांची निवड, औषधाची दुकानं, दवाखाने सगळं, आणि हंपी १२-१३ किमी. विरुपाक्षाच्या देवळाजवळ घरगुती खोल्याही मिळतात, लहान आणि साध्या, तिथे मद्य-मांस चालत नाही.

रिकामटेकडा_४२

शेवटचं वाक्य आधी सांगितलं असतंत तर एवढं वाचलं नसतं.

वारकरी_पण_बाईकवर

हंपीतल्या विठ्ठल मंदिराबद्दल कोणीच बोलेना? आपला विठोबा पंढरपूरहून विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी तो परत आणला अशी परंपरा आहे. तिथला गाभारा आज रिकामा आहे. माझी आजी तिथे उभी राहून म्हणाली, "बरं झालं आणला." रथ, संगीताचे खांब कशाकडे तिने बघितलंही नाही.

दगडधोंडे

परंपरा म्हणून ठीक. इतिहास म्हणून सिद्ध करणं अवघड, कारण त्या मंदिरात

दगडधोंडे

(अर्धवट गेलं, मोबाईल.) त्या मंदिरात कृष्णदेवरायाच्या काळात १५१३ पासून मोठं बांधकाम झालं एवढं लेखांवरून सांगता येतं. मूर्तीचं पुढे काय झालं ह्यावर बरेच वाद आहेत. पण आजीचं वाक्य मला आवडलं.

वारकरी_पण_बाईकवर

आजीने लेख वाचले नव्हते साहेब, पण वारी ४० वर्षं केली.

कोकणकडा

थोडं अवांतर. नकाशात 'विजयपुरा' टाकताना जपून. २०१४ मध्ये विजापूरचं अधिकृत नाव विजयपुरा झालं, पण बंगळुरूजवळ देवनहळ्ळीकडे ह्याच नावाचं आणखी एक गाव आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाने पुण्याहून निघताना तेच निवडलं. सोलापूर रस्त्याऐवजी नकाशातली बाई त्याला साताऱ्याकडे वळवायला लागली तेव्हा तो म्हणाला, शॉर्टकट असेल. कोल्हापूरला बायकोने फोन काढून घेतला.

अर्धवटराव

कोल्हापूरला तांबडा-पांढरा तरी खाल्ला का?

कोकणकडा

खाल्ला. आणि तिथूनच परत आले.

मामंजी

तुम्ही सगळे क्रम ठरवताय तो रस्त्याच्या सोयीने. मी जरा वेगळं सांगतो. विजापूर आधी बघून हंपीला जाणं म्हणजे जिंकलेल्याचं घर आधी बघून मग हरलेल्याचं बघणं. १५६५ ला आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, बरीदशाही एकत्र आल्या आणि विजयनगर संपलं. गोल घुमट पुरा झाला १६५६ च्या सुमाराला, म्हणजे त्यानंतर नव्वद वर्षांनी. आणि आणखी तीस वर्षांत औरंगजेब येऊन विजापूरही संपलं. आम्ही उलट गेलो होतो, बेळगाव-गदग-हंपी करत परत येताना विजापूर. शेवटच्या दिवशी बारा कमानीत बसलो, त्या तर अर्ध्यातच सोडलेल्या. मिसेस म्हणाल्या आता घरी चला, फार झालं.

गदगला मुक्काम केला तर लक्कुंडी होतं. कोणीच जात नाही, म्हणून जा. चालुक्यांच्या उत्तरकाळातली देवळं, काळसर दगड, कोरीव काम दागिन्यासारखं. आणि इटगीचं महादेव मंदिर पण त्याच वाटेवर.

मॉडरेटर_नाही_मी

मूळ प्रश्न: गुडघे. आठवतंय का कोणाला?

काठी_घेऊन_फिरणारी

मला आठवतंय. मी स्वतः ६७, दोन्ही गुडघे बदललेले, मागच्या जानेवारीत जाऊन आले, म्हणून अनुभवाचं सांगते, बाकी तरुण मंडळींचं पायऱ्यांचं गणित मला पटत नाही. "फार नाहीत" म्हणजे किती ते त्यांना माहीत नसतं.

बदामीची लेणी: पहिलं लेणं खालीच आहे, अठरा हातांचा नटराज तिथेच. मी तेवढं बघितलं आणि बसले. तिसरं लेणं सगळ्यात भव्य, इसवी सन ५७८ चा लेख आहे त्यात, पण पायऱ्या उंच आहेत आणि कठडा सगळीकडे नाही. मग संध्याकाळी मुलगा मला तलावाच्या कडेने भूतनाथाच्या देवळाकडे घेऊन गेला. सपाट वाट आहे. चारच्या पुढे ऊन समोरून भूतनाथावर पडतं, सगळा डोंगर तांबडा होतो, बायका घाटावर कपडे धोपटत असतात, धोपटण्याचा आवाज डोंगरावरून परत येतो. तिथे मी दोन तास बसले. होस्पेटहून आले असते तर ह्या वेळेला परतीच्या गाडीत असते. तुमचा प्रश्न खरं तर इथेच सुटतो. आमच्यासारख्यांना दुपारी दीडला पाठ टेकायला खोली लागते आणि चारला परत बाहेर पडता यावं लागतं. खोली जिथे, तिथलंच सकाळ-संध्याकाळ आमच्या वाट्याला येतं.

पट्टदकल उत्तम, सगळं सपाट, हिरवळ. विरुपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने नवरा कांची जिंकून आला म्हणून बांधलं. वेरूळचं कैलास ह्यावरून सुचलं म्हणतात, बघितलं की पटतं. हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीची गाडी आहे, रांग असते, सकाळी लवकर जा. तुंगभद्रेत टोपलीची होडी मी केली नाही, चढता-उतरता येत नाही.

घडीचं स्टूल न्या. मी सगळीकडे नेलं. लोक हसले, मग बसायला मागायला लागले.

कांदेपोहे

काठी_घेऊन_फिरणारी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली ह्या बाईंना विचार, बनशंकरीला रांग किती असते.

काठी_घेऊन_फिरणारी

डिसेंबरात बहुतेक नसते. पौष अष्टमीला शाकंभरीचं नवरात्र बसलं की वाढते, पौर्णिमेला रथ, आणि मग महिनाभर जत्रा. तेव्हा बदामीत खोली मिळणं कठीण. त्याच्या आत जाऊन या.

कांदेपोहे

ठरलं. विजापूर १, बदामी २, होस्पेट २. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला गरम पाणी?

कांदेपोहे (६ जानेवारी)

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

विजापूर: सोलापुरी_चादर यांचं ऐकून सकाळी लवकर गेलो, सज्जात आम्ही आणि एक नवपरिणीत जोडपं एवढेच. लेक पलीकडे जाऊन भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाली, "आजोबांनी काल दोन जिलब्या खाल्ल्या." बाबांना मधुमेह आहे. सगळ्या सज्जाला कळलं. खाली आई होती, देव करो तिला नाही कळलं.

बदामी: पाचातले तीन मिळाले. जाळी नव्हती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नवऱ्याची इन्सुलिनची नाही, बाबांचीही नाही, तर आईची कवळीची डबी गेली. डबी रिकामी होती. माकड ती उघडून बघत बराच वेळ गॅलरीत बसलं होतं आणि आई खोलीतून त्याला कन्नडमध्ये शिव्या देत होती, म्हणजे तिच्या मते कन्नडमध्ये.

बनशंकरीला आई अर्धा तास नुसती उभी होती. नंतर झाडाखाली भाकरी-वांगं-दही. ती म्हणाली पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी इथे काही खाऊ दिलं नव्हतं. एवढंच. आम्ही पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टदकलला जायच्या आधी ती परत म्हणाली, बनशंकरीवरून जाऊ या का, मला ते दही पाहिजे. उलट्या दिशेला पाच किलोमीटर. गेलो.

ऐहोळे: बाबा मेगुतीला चढले. तीनदा बसले स्टुलावर (हो, नेलं होतं). वर कोणी नव्हतं. शिलालेखासमोर उभे राहून त्यांनी घरून लिहून आणलेला कागद काढला आणि अक्षरं जुळवत बसले, ऊन डोक्यावर, मी टोपी धरून उभी. 'हर्ष' सापडल्यावर मला हाक मारली, लहान मुलासारखी. दगडधोंडे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

होस्पेट: लिफ्टवालं हॉटेल लिफ्ट बघून घेतलं, गेलो तर लिफ्ट दुरुस्तीला. तिसरा मजला. रिसेप्शनवाला म्हणाला, "लिफ्ट आहे सर, चालू नाही." वाद घालून तळमजल्यावरची खोली मिळवली, तिच्या शेजारी स्वयंपाकघर, पहाटे चारपासून चटणीचा मिक्सर. पण गरम पाणी चोवीस तास. नवरा म्हणतो सहलीतली सर्वोत्तम जागा.

हंपीत लेक नोट हातात धरून रथासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, नोटेवर माणसं नाहीत.

रिकामटेकडा_४२

म्हणजे सहा दिवस दगड बघूनही पोरगी थेरपिस्टकडे गेली नाही?

कांदेपोहे

अजून तरी नाही. सध्या घरातल्या भिंतींना तोंड लावून कुजबुजतेय.

इरकल

साडी??

कांदेपोहे

दोन. आणि एक खण. नवऱ्याला पार्किंग मिळालं.

शेवटची_लोकल

मस्त! आमचं २० फेब्रुवारीचं ठरलं. बदामीच्या लॉजचं नाव व्यनि (खासगी निरोप) कराल का प्लीज?

कांदेपोहे

केलं. मागची खोली मागा, आणि आमची डबी दिसली तर बघा.